कोल्हापूरला नेलेला तांब्या

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या गावातले लोक आधी देवीचं विचारतात, मग तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं, मग चपलांचं. मला या तिन्हींबद्दल फारसं सांगता येत नाही. देवळात मी एकदाच गेले, आणि ती दुपार आठवली की अजून मान खाली जाते. रस्सा खाल्ला नाही. चपला घेतल्या नाहीत. तरीही त्या तीन दिवसांबद्दल लिहावंसं वाटतं, कारण तिथे भेटलेल्या माणसांचा पत्ता कुठल्या प्रवासाच्या पुस्तकात मिळायचा नाही. मोबाइल आमच्याकडे अजून यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. माझी आई होती तोवर हे लिहिणं मला जमलं नसतं. आता ती नाही.

मी अकोल्याजवळच्या एका गावात ग्रंथपाल होते. दिवाळीनंतर वाचनालयाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. मोठं अक्षर, ओळी वर चढत गेलेल्या. ‘तुमच्या वाचनालयाचे मधमाशा पाळण्याचे पुस्तक आमच्या चहाच्या गाड्यावर राहिले आहे. बाकाखालच्या पोत्यात होते, गाडा हलवताना सापडले. गेल्या वर्षी इथे वारलेल्या एका पावण्यांचे असावे. पोस्टाने पाठवू का कोणी येणार, कळवावे. रंगराव, रेल्वे स्टेशनबाहेर, कोल्हापूर.’

पुस्तक कोणाच्या नावावर आहे ते नोंदवही न उघडता मला ठाऊक होतं. ते माझ्या थोरल्या भावानं नेलं होतं.

दादा पोस्टातून निवृत्त झाला त्याच वर्षी वहिनी गेली. तिच्या कुंकवाचा चांदीचा करंडा होता, सुपारीएवढा, झाकणावर मोर असलेला. दादानं तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. मटण सोडलं, मग हळूहळू बोलणंही सोडलं. मध्येच एकदा मधमाशा पाळायचं त्याच्या मनात आलं. सुताराकडून त्यानं एक मधपेटी करून घेतली आणि ओसरीत ठेवली. महाबळेश्वराकडे हे काम शिकवतात, आठ दिवसांत येतो, म्हणून गेला. चौदा महिने झाले होते. पोलिसांत कळवलं, वर्तमानपत्रात फोटो दिला. आई त्याचं सुतक धरू देत नव्हती आणि त्याच्याबद्दल ‘होता’ असं बोलूही देत नव्हती.

पोस्टकार्ड वाचून दाखवल्यावर आई उठली. देवघरातला तांब्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्या तोंडाला लाल फडकं बांधलं आणि माझ्या पिशवीत ठेवला.

“असला तर घेऊन ये,” ती म्हणाली. “नसला तर यात घेऊन ये.”

शनिवार, स्टेशनबाहेर

एक रात्र आणि अर्धा दिवस गाडीत गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हातकणंगले मागे पडलं तसा खिडकीतून ऊस दिसायला लागला आणि मग ऊसच दिसत राहिला. आमच्याकडे तूर-कापसाच्या शेतातून पलीकडच्या गावाचं देऊळ दिसतं. इथे डोळ्यापुढे हिरवी भिंत. या भिंतीआड माणूस हरवला तर कोणाला कळणार, असं मनात आलं.

रंगरावचा गाडा शोधावा लागला नाही. स्टेशनच्या पायऱ्यांवरूनच त्याचा आवाज ऐकू येत होता. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा माणूस. गिऱ्हाइकाला चहा देतानाही भांडतोय असं वाटावं असं बोलणं.

“कुठनं आलाय्सा, ताई?”

“अकोल्याहून. तुमचं पोस्टकार्ड आलं होतं. पुस्तकाचं.”

त्यानं किटली खाली ठेवली. “एका पुस्तकापायी अकोल्यासनं? ऐकलंस का, आक्काताई? आमच्यात लायब्ररीचं पुस्तक न्यायचं म्हंजे परत द्यायचंच नसतंय की ओ! आन् ह्या बाई ते घ्यायला दीड दिवस गाडीत बसून आल्या!”

गाड्याला लागून एक साठीची बाई गजरे ओवत बसली होती. ती हसली नाही. माझ्या पिशवीकडे बघत होती. तांब्याचं लाल फडकं वर आलं होतं.

“रंगा, गप बस,” ती म्हणाली. “बाईच्या पिशवीत तांब्या हाय.”

रंगराव गप बसला. मग फडक्यानं बाक पुसलं, मला बसवलं, चहा दिला आणि हळू आवाजात, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात, विचारलं, “कोण लागतंय तुमचं?”

मी भाऊ म्हटलं. वय सांगितलं, उंची सांगितली.

मग त्या दोघांनी मिळून मला सांगितलं, एकमेकांना तोडत, दुरुस्त करत. स्टेशनच्या आसपास बेवारस मरणारी माणसं असतात. कोणी गाडीतून उतरवलेलं, कोणी भीक मागणारं, कोणी घर सोडून आलेलं. पोलीस ठरलेले दिवस वाट बघतात, मग रंगरावला निरोप देतात. रंगराव, आक्काताई आणि हसनभाई नावाचे एक टेंपोवाले, अशी तिघं मिळून त्या माणसाची शेवटची सोय करतात. बारा वर्षं चाललं होतं. रंगरावचा एकच हट्ट होता. बेवारस आहे म्हणून उरकून टाकायचं नाही.

“ज्येचं त्येला मिळालं पायजे,” तो म्हणाला. “जाळायचा असंल तर जाळायचा, पुरायचा असंल तर पुरायचा. मरणात तरी परकं वाटू ने माणसाला. आमी आधी खुणा बघतो. ताईत, गोंदण, जानवं, माळ. हसनभाई मुसलमान लगेच ओळखतोय. बाया आक्का ओळखती. आजवर एक बी चुकलं न्हाय.”

शेवटचं वाक्य त्यानं अभिमानानं म्हटलं. पुढे जे झालं ते समजायला ते वाक्य लक्षात ठेवावं लागेल.

“तुमचं ते पावणं म्हंजे,” रंगराव सांगू लागला, “चार दिस हितंच बसायचं, ह्याच बाकावर. बोलणं न्हाई. नाव इचारलं तर नुसतं हसायचं. ‘कुठलं?’ म्हटलं तर ‘लांबचा’. एकदा मी घरनं मटणाचा डबा आणलता, हात लावला न्हाय. दहीभात खाल्ला. पाचव्या दिशी तापानं फणफणलं. सरकारी दवाखान्यात नेलं, दोन दिसांनी गेलं बघा.”

माझ्या हातातला कप थंड झाला होता.

“मग... जाळलं?”

“छ्या! लिंगायत हुतं की ते. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळावर विभूतीचं पट्टं. त्येंच्यात पुरत्यात, बसवून. आमच्या हिकडं लई घरं हायत, आमाला ठावं हाय. त्येंच्या समाजाकडं गेलो, जागा मागितली. स्वामींना गाडी करून आणलं. सगळं रीतीनं केलं.”

“आम्ही लिंगायत नाही,” मी म्हणाले.

रंगराव आणि आक्काताईनं एकमेकांकडे पाहिलं.

“मग तुमचा भाऊ न्हवं त्यो,” रंगराव म्हणाला. “पुस्तक तुमच्या भावानं कुणाला तरी दिलं असंल. न्हाय तर हितं इसरून गेलं असंल.”

डबी कशी होती, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर नोंदी तपासण्याचं काम केलं आणि तिथे एक प्रश्न विचारला नाही. मटणाला हात न लावणारा, हसून उत्तर टाळणारा माणूस माझ्यासमोर उभा करून दिला होता, आणि मी फक्त ‘लिंगायत’ एवढा एक शब्द उचलला. मला तोच हवा होता.

समोरच्या एसटीडी बूथमधून मी शेजारच्या सुमनताईंना फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. आईला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून मोठ्यानं म्हणाले, “आई, तो दादा नाही. वेगळा माणूस होता.”

मग ती म्हणाली, “मले माहीत होतं.”

त्या दुपारी मी देवीच्या देवळात गेले. ओटीचं नीट जमलं नाही, कारण आमच्याकडच्या आणि इथल्या पद्धतीत फरक आहे. पुजाऱ्याच्या बायकोनं हसून माझ्या हातातला खण उलटा करून दिला. नंतर एका लहानशा हॉटेलात मिसळ खाल्ली. ठेच्यावर वाढलेली मी, तिखटाची भीती नव्हती. पण तो कट पोटात गेल्यावर पाव मिनिटानं पेटतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. मालक ओरडला, “ताई, रडू नगासा, दही आणतो!” आणि मी हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मान खाली जाते म्हटलं ती दुपार हीच.

रविवार, गारगोटीच्या रस्त्यावर

परत जायची गाडी सोमवारी होती. रंगराव म्हणाला, “आलाय्साच तर स्वामींना भेटून जावा. त्येंनी जवळनं बघितलंय. मनाची खातरी झाली की झोप लागती.” स्वामी म्हणजे ते अंत्यविधी करणारे जंगम. गारगोटीच्या वाटेवर बिद्रीच्या पुढे त्यांचं गाव होतं. हसनभाईंना त्याच बाजूला जायचं होतं.

हसनभाई पिकली दाढी राखलेले, सडसडीत गृहस्थ. टेंपोत चढताच गुळाचा दाट वास आला.

“गूळ वाहतो ओ ताई. बाजारातनं ढेपा न्यायच्या, आणायच्या. आन् मधी कधी रंगाचा निरोप आला की...” ते थांबले.

“याच गाडीतून?”

“धुतो की. सोडा टाकून धुतो.” थोडा वेळ गेल्यावर ते पुढे म्हणाले, “एक व्यापारी म्हणला, हसन, ह्या गाडीत माझा माल नको. म्हटलं, बरं. तुमचा माल नको, पर तुमी या कवा तरी.” ते एकटेच मोठ्यानं हसले. “दोन म्हैनं तोंड बघितलं न्हाय त्येनं. मग त्येचाच हमाल गेला, कुणी नव्हतं त्येला. आला माझ्याकडं. मी गेलो.”

बिद्रीच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांची रांग, धुराड्याचा धूर, आणि मळीचा आंबूस वास गुळाच्या वासात मिसळलेला. हसनभाई गाड्यांच्या मधून वाट काढत, प्रत्येक गाडीवानाला शिव्या देत आणि प्रत्येकाची चौकशी करत चालले होते. मी मांडीवर पिशवी धरून बसले होते. तांब्या आणला नसता तरी चाललं असतं, असं मला वाटत होतं.

स्वामी सत्तरीचे, बारीक, घोंगडीवर बसलेले. मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द येत. मला त्यांनी ‘तंगी’ म्हणून हाक मारली, म्हणजे धाकटी बहीण. हसनभाईंनी मी कोण ते सांगितलं. स्वामींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, “हसन, मागं परड्यात पेरू पिकल्यात. काढून घे जा, रंगालाबी ने.”

हसनभाई गेले.

“तंगी,” स्वामी म्हणाले, “तुझ्या भावाच्या गळ्यात काही हुतं?”

“हो. पण ते लिंग नव्हतं. वहिनीचा करंडा होता, कुंकवाचा.”

“झाकणावर?”

माझ्या तोंडातून शब्द आला तेव्हाच सगळं कळून चुकलं होतं. “मोर,” मी म्हणाले. “त्याची मान घासून गेलेली.”

स्वामींनी डोळे मिटले.

बाहेर परड्यात हसनभाई कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. पेरूच्या झाडाची फांदी हलल्याचा आवाज येत होता. मी तो आवाज ऐकत राहिले. दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

“आमच्यात,” स्वामी हळूहळू सांगू लागले, “लिंग डाव्या तळहातावर ठेवून बसवत्यात. म्हणून मी डबी उघडली. खड्ड्यात मी एकटाच खाली उतरलो हुतो. आत कुंकू. सुकलेलं, खडा झालेलं. मग कपाळाला हात लावला. विभूती न्हवती ती. सुंठीचा वास आला.”

सुंठ. आमच्या घरी डोकं दुखलं, ताप आला की सुंठ उगाळून कपाळावर पट्टे ओढतात. वाळले की पांढरे दिसतात. दादा प्रवासाला निघाला की सुंठीचा तुकडा सोबत असायचाच.

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“वर रंगा हुता, हसन हुता. सकाळपासनं त्येंनीच खड्डा खणलता, खडकाळ जागेत. आक्कानं बेलाची पानं आणलती. त्येंना सांगायचं, ह्यो आपला न्हवं, काढा वर? आन् काढून कुठं न्यायचं? कुंकू गळ्यात बांधणारा माणूस कुठल्या जातीचा, मला तरी कुठं ठावं?” त्यांनी आपला डावा तळहात उघडून पाहिला, जणू त्यात काही होतं. “आमी लिंग गळ्यात बांधतो ते मरस्तवर उतरवत न्हाई. ह्येनं बायकोचं कुंकू तसंच बांधलतं. मी म्हटलं, ह्येचं लिंग ते हेच. डबी मिटली, हातावर ठेवली, मंत्र म्हटला. चुकलं असंल तर माझं चुकलं. त्येंचं न्हाई.”

त्यांच्या बायकोनं ताक आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

निघताना ते म्हणाले, “रंगाला सांगायचं का न्हाई, ते तुझं. त्येला कळलं तर पुन्हा कुणाला हात लावंल का, मला सांगता येत न्हाई. त्येचं सगळं बळ ह्यातच हाय, की आपलं कधी चुकत न्हाई.”

परतताना हसनभाईंनी मला तीनदा पेरू देऊ केला. चौथ्यांदा दिला नाही. गाडी आपणहून दफनभूमीकडे वळवली.

एका कडेला दादाची जागा होती. चार दगड, मातीचा उंचवटा, आणि वर बेलाचं गुडघाभर रोप. आक्काताईनं लावलेलं, आठवड्यातून एकदा पाणी घालायची ती. आमच्याकडे माणूस जळून जातो, नदीत जातो, जागा अशी उरत नाही. मला तिथे काय करायचं ते कळेना. दादा खाली बसलेला आहे, झोपलेला नाही, हा विचार मनातून जाईना. चौदा महिने तो असा ताठ बसला होता. पोस्टाच्या खिडकीत बसायचा तसा.

हसनभाई लांब उभे होते. पण त्यांना कळलं असावं.

वाटेत एसटीडी बूथ लागला. मी उतरले, रिसीव्हर उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. ‘मले माहीत होतं’ म्हणणाऱ्या बाईला हे तारेवरून सांगता येण्यासारखं नव्हतं.

सोमवार

सकाळी गाड्यावर गेले तेव्हा रंगराव दूध तापवत होता. मी रात्रभर ठरवलं होतं की सांगायचं नाही. पुस्तक घ्यायचं, आभार मानायचे, जायचं.

“काय म्हणलं स्वामी?” त्यानं विचारलं. “झाली खातरी?”

खोटं बोलायची मला सवय नाही, हे कारण मी नंतर स्वतःला दिलं. खरं म्हणजे एकटीला ते पेलत नव्हतं.

“तो माझाच भाऊ होता,” मी म्हणाले.

“पर तुमी तर...”

“डबीत लिंग नव्हतं. कुंकू होतं, माझ्या वहिनीचं. कपाळावर सुंठ होती. आमच्याकडे जाळतात, रंगराव.”

दूध उतू गेलं. आक्काताईनं उठून स्टो बंद केला. रंगराव बाकावर बसला, दादा जिथे बसायचा तिथेच.

“म्हंजे चुकलं की ओ आमचं,” शेवटी तो म्हणाला. “पंचनाम्यात ‘लिंग’ मी लिवायला लावलं. साहेब म्हणत हुता, डबी उघडून बघू. मी म्हटलं, हात लावू नगासा, इटाळ हुईल.”

“तुम्ही मानानं केलंत.”

“मानानं केलं म्हणून बरुबर हुतंय व्हय?” तो खेकसला. मग लगेच हात जोडले. “काढू का ताई वर? परवानगी काढतो. तुमच्या रीतीनं करू. मी सोता काढतो.”

“नाही,” मी म्हणाले. तो बसलेला माणूस मला उठवायचा नव्हता. “राहू द्या.”

हसनभाई टेंपो घेऊन आले ते याच वेळी, आणि त्यांच्यापाठोपाठ एक हवालदार सायकलवरून. “रंगराव,” तो म्हणाला, “त्या म्हातारीची मुदत सपली आज. कोन आलं न्हाय. घिऊन जावा.”

रंगराव उठला नाही. “दुसरं कुणी बघा,” तो म्हणाला. “मला समजत न्हाय त्यातलं.”

“आरं, दुसरं कोन हाय?”

“मला न्हाय समजत म्हटलं न्हवं!”

हवालदार गोंधळून उभा राहिला. आक्काताई माझ्याकडे पाहत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत. परवा तांब्याकडे पाहिलं होतं तसंच पाहणं. मला स्वामींचं बोलणं आठवलं. त्यांनी ज्याची भीती घातली होती ते माझ्यामुळे माझ्या समोर झालं होतं.

“रंगराव,” मी म्हणाले, “उठा. गळ्यात काही असलं तर या वेळी उघडून बघा. एवढंच.”

तो हलला नाही.

“मी येते बरोबर. आक्काताईंना एकटीनं जमणार नाही.”

हे का म्हणाले ते मला अजून सांगता येत नाही. मेलेल्या माणसाला मी तोवर हात लावला नव्हता. वहिनीच्या वेळीसुद्धा दारात उभी होते.

शवागारामागच्या पत्र्याच्या आडोशाला आक्काताईनं आणि मी त्या म्हातारीवर पाणी घातलं. बादलीला लोटा नव्हता. मी पिशवीतून आईचा तांब्या काढला, फडकं सोडलं. वासाबद्दल लिहीत नाही. हातावर गोंदण होतं, पण उन्हानं आणि वयानं त्याचा नुसता निळा डाग उरला होता. गळ्यात मळक्या कापडाची पिशवी, तोंड शिवलेली. आक्काताईनं हाक मारली. रंगराव आडोशाबाहेर पाठ करून उभा होता. तिनं दोरा कापून पिशवी त्याच्या हातात दिली.

“उघडा,” मी आतून म्हणाले.

“तुमीच उघडा.”

“तुम्ही उघडा, रंगराव.”

टाके उसवल्याचा आवाज आला. मग हसनभाईंचा आवाज आला, “तंबाकू! आन् चुन्याची डबी. म्हातारी आपल्यातलीच की रं, मळून खानारी!”

आक्काताईला हसू फुटलं. ओल्या हातांनी तोंड दाबून ती हसली, आणि मग त्याच हातांनी डोळे पुसले. “ठेव तिच्याजवळ,” ती म्हणाली. “तिकडं लागंल.”

गोंदण होतं म्हणून म्हातारीला जाळायचं ठरलं. इथल्या स्मशानात लाकडं नव्हती. शेणी होत्या, आमच्याकडे ज्यांना गोवऱ्या म्हणतात त्या, भिंतीला लागून छपरापर्यंत रचलेल्या. होळीच्या वेळी गल्लोगल्लीची माणसं आपल्या वाटच्या शेणी इथे आणून देतात, आक्काताईनं सांगितलं, म्हणजे इथे येणाऱ्या कोणालाच सरणाची काळजी नको. कोणाची शेणी कोणाला लागेल, ते थापणाऱ्याला ठाऊक नसतं. रंगरावनं म्हातारीभोवती त्या एकेक करून उभ्या लावल्या. शेवटी विचारलं, “पाणी कोण घालणार?”

कोणीच पुढे झालं नाही, म्हणून मी झाले. तांब्यात पाणी घेतलं आणि तिच्या तोंडात दोन थेंब सोडले. दादाला ते कोणी दिलं होतं का, मी विचारलं नाही. या वेळी मुद्दाम विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला तिघंही आले. आक्काताईनं गजरा दिला, हसनभाईंनी गुळाची ढेप. रंगरावनं पुस्तक दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं. तांब्या मी आक्काताईच्या हातात ठेवला. “तुमच्याकडे लोटा नाही,” एवढंच म्हणाले. ती घेईना. मग घेतला.

गाडी हलली तेव्हा रंगराव खिडकीबरोबर चालत होता. “ताई,” तो म्हणाला, “डबी कुणाची का असंना, उघडून बघणार आता.” मग म्हणाला, “बेलाला पानी घालतो मी.”

घरी

ओसरीत पाय ठेवला तर दादाची मधपेटी उन्हात ठेवलेली दिसली. घासून धुतलेली, झाकण वेगळं वाळत घातलेलं. शनिवारच्या फोननंतर आईनं ते केलं होतं.

ती दारात बसली होती. माझी पिशवी ओढून घेतली, आत हात घातला. पुस्तक निघालं, गूळ निघाला. ती पुन्हा चाचपत राहिली.

“तांब्या कुठी आहे?”

“तिथे लागला,” मी म्हणाले.

पिशवीतला तिचा हात थांबला. मी सगळं सांगितलं, बाक, दहीभात, ताप, खडकातला खड्डा, बेल. हळूहळू सांगितलं, काही गाळलं नाही. शनिवारचा फोन माझी चूक होती, हेही सांगितलं. सगळं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं.

“करंडा?”

“त्याच्या हातात आहे.”

“कोणत्या?”

“डाव्या.”

तिनं आपला डावा हात पदराखालून काढला, मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसली. ऊन मधपेटीवरून सरकून भिंतीला लागलं. मग ती जोत्याला धरून उठली.

“पाणी काढ,” ती म्हणाली. “डोक्यावरून अंघोळ करायची आहे मले.”